वाचायची राहिलेली पानं

त्या दुपारी मी कानाला हेडफोन लावून डबा खात होते. आमच्याकडं पुस्तकं वाचून द्यायला येणाऱ्या बाईंनी आदल्या दिवशी इतिहासाचा एक धडा वाचून ठेवला होता, तो मुलांना पाठवायचा होता. बाईंचं रेकॉर्डिंग तपासायचं म्हणजे सुरुवात ऐकायची, शेवट ऐकायचा, मध्ये कुठं खरखर नाही ना एवढं बघायचं. त्या अडखळत नसत, खोकत नसत, त्यामुळं त्यांच्या फाईलीला मी कधी जास्त वेळ दिला नव्हता. त्या दिवशी इंटरनेट मंद होतं, फाईल जाता जात नव्हती, म्हणून मी नुसती ऐकत बसले.

एक परिच्छेद संपला. पान उलटल्याचा आवाज आला. आणि पुन्हा तोच परिच्छेद सुरू झाला.

मला वाटलं, कॉपी करताना माझ्याकडूनच तुकडा दोनदा जोडला गेला. मागं सरकवून पुन्हा ऐकलं. पहिल्या वेळी बाईंच्या आवाजामागं खाली रस्त्यावर उभ्या टँकरची मोटार घरघरत होती. दुसऱ्या वेळी ती बंद झाली होती. म्हणजे फाईल बरोबर होती. बाईंनीच तो परिच्छेद दोनदा वाचला होता, त्याच लयीत, त्याच ठिकाणी थांबून, आणि त्यांना ते कळलं नव्हतं.

मी डबा बाजूला सारला आणि मागच्या आठवड्याची फाईल उघडली. ती ठीक होती. त्याच्या आधीचीही ठीक होती. जरा बरं वाटायला लागलं तोवर चौथ्या फाईलीत बाई वाचता वाचता थांबल्या आणि अगदी शांत, ओळखीच्या आवाजात म्हणाल्या, "खिडकी लावून घ्या गं. धूळ येतेय वर्गात." मग पुढं वाचायला लागल्या.

आमच्या रेकॉर्डिंगच्या खोलीला खिडकीच नाही.

आमची संस्था म्हणजे वाळूजच्या बजाजनगरात एका किराणा दुकानाच्या वरच्या दोन खोल्या. कंपन्यांत काम करणाऱ्यांच्या घरांतल्या आम्ही काही बायकांनी मिळून ती सुरू केली. आधी एक कपाट होतं, त्यात बाळंतपणावरच्या, पाण्यावरच्या, बायकांच्या हक्कांवरच्या माहितीपटांच्या सीड्या. सोबत एक प्रोजेक्टर आणि गुंडाळायचा पडदा. बचत गटाची बैठक असो, शाळेतला पालकांचा कार्यक्रम असो, अंगणवाडी असो, ज्याला हवं त्यानं न्यावं, दाखवावं, त्यावर बोलावं आणि परत आणून द्यावं. आता सीड्या कुणी लावत नाही, सगळं पेनड्राईव्हवर आणि फोनवर चालतं, तरी वसाहतीत आम्हाला अजून सीडीवाली लायब्ररीच म्हणतात. नंतर आसपासच्या गावांतली, डोळ्यांनी न दिसणारी दोन-तीन मुलं चौकशी करत आली. त्यांना शाळेची पुस्तकं कुणीतरी वाचून हवी होती. मग आतल्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या लावल्या, एक माईक आणला, आणि बोलकी पुस्तकं सुरू झाली.

वाचायला माणसं मिळतात, टिकत नाहीत. कुणाची शिफ्ट बदलते, कुणाच्या घरी पाहुणे येतात, आणि नळाला पाणी यायचा दिवस असला की कुणीच येत नाही. ती तक्रार करायची गोष्ट नाही, मीही त्या दिवशी घर सोडत नाही. बाई तेवढ्या ठरल्या दिवशी यायच्या. शहरातल्या छावणी भागात मुलगा-सुनेसोबत राहायच्या, मुलींच्या शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. छावणीतून बजाजनगर म्हणजे बस आणि वर रिक्षा, पण कधी उशीर नाही. त्यांचं वाचणं नुसतं वाचणं नसायचं. भूगोलात नकाशा आला की त्या म्हणायच्या, "आता डावा हात टेबलावर उताणा ठेवा. अंगठ्याच्या बाजूला समुद्र समजा. करंगळीकडं डोंगर." न दिसणारं पोर तळहातावर नकाशा शिकायचं. आमच्या मुलांना बाकी सगळे वाचणारे सारखेच, पण बाई म्हणजे बाई.

त्या दुपारी मी पुस्तक काढलं आणि फाईलींसमोर धरून बसले. तेव्हा खरी भीती वाटली. एका धड्यात बाई एका मथळ्यावर थांबल्या होत्या आणि तिथून थेट पुढच्या धड्याच्या मधल्या परिच्छेदावर गेल्या होत्या. आवाजात काही फरक नाही. पुस्तक हातात नसतं तर मलाही ते कळलं नसतं.

आणि पुस्तक हातात नसलेलीच सगळी मुलं होती. ह्या फाईली केव्हाच त्यांच्या फोनवर गेल्या होत्या. त्यांनी पुढं मित्रांना दिल्या असणार. बारावीची परीक्षा पुढच्या महिन्यावर आली होती.

पहिला फोन मी वाळूजच्या पलीकडच्या गावातल्या, बारावीतल्या एका मुलीच्या वडलांना केला. जन्मापासून तिला दिसत नाही. घरची शेती, शिवाय वडील कंपनीत कंत्राटावर. दुसऱ्या दिवशी ते तिला मोटारसायकलवर घेऊन आले. मी कसं सांगावं ह्याची जुळवाजुळव करत होते. "हे बघ, बाईंच्या रेकॉर्डिंगमध्ये थोडी गडबड झालीय," म्हणाले.

"दोनदा वाचतात ते ना?" ती म्हणाली. "मला म्हायती हाय, ताई. दिवाळीपासून."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय व्हणार? तुम्ही बाईंला बंद केलं असतं." तिनं खांदे उडवले. "मी आमच्या ग्रुपवर टाकते ना. ह्या मिनटापासून तेवढं पुढं ढकला, म्हणून. लई काय अवघड नाय. एक डाव तर बाई आम्हाला म्हणल्या, खिडकी लावा. आम्ही लई हसलो."

"आणि जे वाचलंच नाही ते?"

"म्हंजे?"

"मध्ये पानं सुटलीत. बाईंनी वाचलीच नाहीत ती."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. दोनदा वाचलेलं तिला ऐकून कळत होतं. न वाचलेलं कळायला काही मार्गच नव्हता. तिनं वडील उभे होते तिकडं मान वळवली, मग माझ्याकडं. "किती पानं?"

"बघावं लागेल."

"ताई, माझी परीक्षा हाय," ती म्हणाली.

वडील इतका वेळ दारात उभे होते. "म्हाताऱ्या माणसाला काय बोलावं," ते म्हणाले. "पण आता कसं करायचं ते सांगा. मी हिला रोज आणून सोडतो, पर काम व्हाय पायजे."

मग आम्ही कामाला लागलो. ड्यूटीवर जाताना वडील तिला सोडायचे. ती बोट फोनवर ठेवून बसायची, मी पुस्तक आणि पेन्सिल घेऊन. बाई वाचायच्या, मी ओळींवरून पेन्सिल फिरवायची. कुठं उडी दिसली की मी "थांब" म्हणायची. इतिहासात सापडलं, भूगोलात सापडलं. जिथं सुटलं होतं तिथलं मी आत जाऊन स्वतः वाचायची. माझा आवाज चांगला नाही, मला सवयही नाही. वाचताना सारखं वाटायचं, परीक्षेत हेच येणार आणि मी हे चुकीचं म्हणतेय. घरी स्वयंपाक करताना मध्येच आठवायचं, अमुक फाईल तपासली की नाही? फोन वाजला की वाटायचं, कुणाचे तरी आईवडील असतील.

बाईंचं काय करायचं हे मी रोज पुढं ढकलत होते. त्यांच्या यायच्या दिवशी मी सकाळीच फोन केला.

"बाई, आज येऊ नका. मशीन बिघडलंय."

"मशीन? बरं," त्या म्हणाल्या. "मुलांचा वेळ जातोय गं. लवकर बघ."

पुढच्या वेळीही मी तेच सांगितलं. त्या वेळी त्यांनी नुसता फोन ठेवला. तेव्हा मला राहवलं नाही, आणि मी छावणीत त्यांच्या घरी गेले.

दार सुनेनं उघडलं. मुलगा कामावर गेला होता. बाई बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसल्या होत्या, इस्त्रीची साडी, पायात चप्पल. मी पाणी मागायच्या निमित्तानं आत गेले. सून ओट्याशी होती. मी विचारायच्या आधीच ती हळू आवाजात म्हणाली, "कळलं ना तुम्हाला?"

मी मान हलवली.

"घरात आम्हाला कधीचं दिसतंय. गॅस चालू राहतो, भाजीत मीठ दोन वेळा पडतं. डॉक्टरकडं चला म्हटलं की चिडतात. ह्यांना सांगितलं तर हे म्हणतात, वय झालंय, एवढं काय." ती ओट्यावरचं फडकं उगाच घडी करत होती. "तुमच्याकडं यायचा दिवस असला की सकाळपासून अगदी पहिल्यासारख्या असतात. आजही तयार होऊन बसल्यात. ताई, तेवढं बंद करू नका. तुमच्या पाया पडते."

"अहो, पण मुलांची परीक्षा आहे."

"मला कळतंय," ती म्हणाली आणि रडायला लागली.

"काय कुजबुजताय गं दोघी?" बाहेरून बाईंचा आवाज आला. शाळेतला आवाज. मी बाहेर गेले.

"मशीन झालं दुरुस्त?"

वाटेत मी दहा गोष्टी ठरवल्या होत्या. त्यातली एकही सांगता येईना. "मशीन बिघडलंच नव्हतं, बाई," मी म्हणाले, फोन काढला आणि ती फाईल लावली.

बाईंनी मान किंचित कलती करून ऐकलं. परिच्छेद संपला, पान उलटलं, परिच्छेद पुन्हा सुरू झाला. त्यांनी हातानं थांब म्हणून खूण केली. "पुन्हा लाव." मी पुन्हा लावलं. मग दुसरी फाईल. खिडकीचं वाक्य आलं तेव्हा सून दारात येऊन उभी राहिली.

"त्या खोलीला खिडकी नाही," बाई म्हणाल्या.

"नाही, बाई."

"मग मी कुणाला सांगितलं?"

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"हे मुलांना पाठवलंस?"

"हो."

"न ऐकता?"

मी फोन बंद करून पिशवीत ठेवला.

"मी म्हातारी आहे. माझं काय व्हायचं ते होईल," त्यांचा आवाज चढला. "पण तुझं काम होतं ना ऐकायचं? पोरं परीक्षेला बसणारेत. आणि वर मला सांगतेस मशीन बिघडलंय! मी काय लहान पोर आहे, समजूत काढायला?" त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज ऐकून सुनेनं दारावर थाप मारली. "आई, कडी नको, आई." थोड्या वेळानं कडी निघाली, दार तसंच लोटलेलं राहिलं.

मी परत निघाले ती रिक्षात कशी बसले, कुठं उतरले, मला नीट आठवत नाही. वाटत होतं, असं तोंडावर ऐकवायला नको होतं. आधी मुलाशी बोलायला हवं होतं, डॉक्टरांना विचारायला हवं होतं. बाईंनी जिवाला लावून घेतलं तर? त्या घरातून बाहेर पडल्या आणि रस्ता चुकल्या तर? पुढच्या सकाळपर्यंत मी सुनेला इतके फोन केले की शेवटी तीच म्हणाली, "ताई, ठीक आहेत. चहा घेतला. पेपर वाचतायत. तुम्ही जरा जेवून घ्या."

दोन-तीन दिवसांनी मी आणि ती मुलगी तपासायला बसलो होतो, तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. आधी सून आली, मागून बाई. मुलीनं मान वर केली. "बाई आल्या," ती म्हणाली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

बाई माझ्याकडं न बघता खुर्ची ओढून बसल्या. "काय काय राहिलंय?"

मी सांगितलं.

"ते कोण वाचतंय?"

"मी वाचतेय."

"लाव बघू."

मी माझं भूगोलाचं रेकॉर्डिंग लावलं. बाईंनी थोडंच ऐकलं. "नकाशा कुठाय?"

"खालच्या ओळी वाचल्यात, बाई. नकाशा मला सांगता येत नाही."

"मग ह्या पोरीनं काय समजायचं?" त्यांनी पुस्तक ओढून घेतलं. मग थांबल्या. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं, आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "धडे मी वाचणार नाही. ते तूच वाच. नकाशे मी सांगते. पण तू समोर बसायचं, आणि मी चुकले की तिथल्या तिथं सांगायचं. नंतर नाही. समजलं?"

"हो, बाई."

"आणि तू गं," मुलीकडं वळून, "तुला मागंच कळलं होतं म्हणे? सून सांगत होती."

मुलगी घाबरली. "व्हय, बाई."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही याय‌च्या बंद झाल्या असत्या."

बाईंनी तिचा डावा हात उचलून टेबलावर सपाट ठेवला. "चल. अंगठ्याच्या बाजूला समुद्र."

त्यानंतर परीक्षेपर्यंत त्या दोन खोल्यांत आम्ही चौघी असायचो. सुनेला दुपारचं जमायचं, ती बाईंना आणायची आणि बाहेर बसून राहायची. आत बाई नकाशे सांगायच्या, मुलगी बोटांनी टेबलावर वाट काढायची, मी पुस्तकावर डोळे लावून बसायची. बाई बहुतेक वेळा बरोबरच असायच्या. कधी एखादा नकाशा संपवून त्याच नकाशाला पुन्हा सुरुवात करायच्या. त्यांनीच सांग म्हटलेलं असूनही मला ते बोलवत नसे. मुलगीच म्हणायची, अगदी सहज, "हा झाला, बाई. फुडचा घ्या."

"झाला?" बाई म्हणायच्या. "बरं. पुढचा."

ते सगळं रेकॉर्डिंगमध्ये तसंच राहिलं. कापायला वेळ नव्हता.

नव्या फाईली आम्ही सगळ्यांना पाठवल्या. नुसतं पाठवून माझं समाधान होईना, म्हणून एकेकाला फोन करून जुन्या पुसायला लावल्या. एक जण तेवढा सापडला नाही. जालन्याच्या बाजूच्या गावातला मुलगा, कुणाकडून तरी फाईली घेऊन गेलेला. त्याचा फोन लागत नव्हता. ज्यानं त्याला फाईली दिल्या तो म्हणाला, त्याचा नंबर बदलला असेल. मी त्या गावच्या शाळेत फोन केला, तिथून सांगितलं की तो आता मामाच्या गावी असतो. मामाचं गाव कोणतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवसांत जालना रस्त्यावरच्या चिकलठाण्याला एक नातेवाईक आजारी होते, त्यांना बघायला गेले तर बसमध्येसुद्धा जालन्याकडं जाणाऱ्या कुणा पोराच्या हातात पांढरी काठी दिसते का, हे बघत होते. वेडेपणाच होता तो.

इतिहासाच्या पेपरच्या दिवशी मी लायब्ररी उघडली आणि काहीच काम केलं नाही. दुपारनंतर मुलीचा फोन आला. तिचा लेखनिक, म्हणजे ती सांगेल ते उत्तर लिहून देणारा अकरावीचा मुलगा, हळू लिहीत होता म्हणून ती वैतागली होती. "पर लिव्हलं सगळं," ती म्हणाली. "तुम्ही वाचलेल्यातलं बी आलं होतं एक." मी विचारलं, बरोबर होतं ना? "आता ते निकालालाच कळंल की, ताई!" ती हसली. भूगोलाच्या पेपरला तिनं टेबलावर हात सपाट ठेवला तेव्हा पर्यवेक्षकांनी विचारलं, हे काय करतेस. ती म्हणाली, नकाशा बघतेय.

ती पास झाली, चांगली पास झाली. आता शहरातल्या कॉलेजात आहे आणि वसतिगृहात राहते.

जालन्याकडच्या त्या मुलाचा निकालानंतर स्वतःहून फोन आला. त्याला पुढच्या वर्गाची पुस्तकं हवी होती. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, पास झालो, पण इतिहासात एक मोठा प्रश्न सोडून दिला. कोणता? त्यानं सांगितला. सुटलेल्या पानांतलाच होता. मी त्याला सगळं सांगितलं.

"व्हय का?" तो म्हणाला. "मला वाटलं, ते पुस्तकातच नाय. बाहेरून ईचारलं."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याला पुढची पुस्तकं मी स्वतः नेऊन दिली. तरीही तो प्रश्न मला अधूनमधून आठवतो, आणि आणखी कुणाकुणाच्या फोनवर त्या जुन्या फाईली असतील हा विचार आला की हातातलं काम थांबतं. तेव्हापासून आमच्याकडची प्रत्येक फाईल दुसरं कुणीतरी पुस्तक हातात धरून अथपासून इतिपर्यंत ऐकतं. वाचणारे कुरकुर करतात, वेळ लागतो म्हणतात. लागू दे.

बाईंना मुलानं शेवटी डॉक्टरांकडं नेलं. औषधं सुरू आहेत. नकाशे आता त्या सांगत नाहीत. काही दिवस बऱ्या असतात, काही दिवस सुनेला शाळेतली कुणी सहकारी समजतात. बऱ्या दिवशी सून त्यांना घेऊन येते. परवा आल्या तेव्हा मी नुकतंच एक रेकॉर्डिंग संपवून ऐकत होते. बाईंनी हात पुढं केला, मी हेडफोन त्यांच्या कानाला लावले. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या.

"कोण वाचतंय हे?"

"मीच वाचतेय, बाई."

"घाई करतेस," त्या म्हणाल्या. "पोटफोड्या ष म्हणताना जीभ वर घे. सगळीकडं एकच श लावतेस. आणि वाक्य संपलं की थांबत जा जरा, पोरांना लिहून घ्यायचं असतं."

"बरं, बाई."

खालून सुनेनं हाक मारली, रिक्षा आली म्हणून. बाईंनी हेडफोन काढून नीट टेबलावर ठेवले, मी त्यांचं कोपर धरलं आणि आम्ही एकेक पायरी उतरायला लागलो.